हा नंबर तुम्हाला कुठून मिळाला?

रमजानच्या पाचव्या रोज्याची दुपार होती. जोहरची नमाज होऊन गेली होती, असरला अजून वेळ होता. सोलापूरच्या विजापूर वेशीत संध्याकाळच्या इफ्तारसाठी फळांच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती. माझ्या छोट्या ऑफिसात समोरच्या खुर्चीवर भाची मोबाइल कानाला लावून बसली होती. तिच्यापुढे सहाशे नावांची यादी होती. नाव, मोबाइल नंबर, गाव आणि शेवटच्या रकान्यात ‘विम्यात रस आहे’ असे लिहिलेले.

पलीकडच्या माणसाचा आवाज मला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता. ‘‘हा नंबर तुम्हाला कुठून मिळाला, ते आधी सांगा!’’

‘‘सर, आपणच आमच्या वेबसाइटवर चौकशी केली होती...’’

‘‘मी? कधी? कुठली वेबसाइट? नाव सांगा वेबसाइटचं!’’

तिच्याकडे उत्तर नव्हते, कारण तशी कुठली वेबसाइटच तिला ठाऊक नव्हती. मग तिच्या आईबापाचा उद्धार झाला आणि फोन बंद. तिने मोबाइल उपडा ठेवला आणि म्हणाली, ‘‘मामू, रोजा ठेवून शिव्या खायच्या का हो?’’

मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षे विम्याचे काम करतो. शिव्या मीही खाल्ल्या आहेत. पण त्या दारात उभे राहून. दारातल्या माणसाला हाकलून द्यायचे झाले तरी लोक जरा शब्द सांभाळतात, आणि निम्मे तरी ‘आलात तर पाणी प्या’ म्हणतात. फोनवर चेहरा नसतो, त्यामुळे ती भीड नसते. तरी त्या दिवशी मला त्या गृहस्थाचा राग आला नाही. मला प्रश्न पडला तो त्या यादीचा.

‘‘ही यादी कुठली, बेटा?’’

तिने सांगितले. एजंटची परीक्षा पास झाल्यावर दोन महिने नातलग आणि शेजारी झाले. मग नावे संपली. व्हॉट्सअॅपवर कोणीतरी ‘लीड’ विकणारा भेटला. साडेचार हजार रुपयांत सहाशे नावे, सगळी ‘फ्रेश’. तिच्या अब्बांचे दोन यंत्रमाग गेल्या वर्षी बंद झाले. धाकटा भाऊ बी.कॉम.ला आहे. साडेचार हजार तिने ईदच्या कपड्यांच्या पैशांतून काढले होते, आणि हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

आता ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी लीड म्हणजे काय ते सांगतो. एखादा माणूस मोबाइलवर विम्याचा हप्ता किती बसेल ते बघायला एक फॉर्म भरतो. कोणी मॉलमध्ये सोडतीचे कूपन भरून पेटीत टाकतो आणि गाडी लागेल म्हणून वाट बघतो. खाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की तुमची माहिती आमच्या सहयोगी संस्थांना देण्यात येईल. ते कोणी वाचत नाही. तो नंबर मग विकला जातो, आणि एकालाच नाही, चार-पाच जणांना. शिळा झाला की स्वस्तात पुन्हा विकला जातो. भाचीच्या हाती यादी आली तेव्हा ती किती हातांतून फिरून आली होती, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसेल. म्हणजे भाचीचा त्या माणसाला तो पहिला फोन होता, पण त्याच्या दृष्टीने विम्याचा तो विसावा फोन असू शकतो. शिवी वीस जणांची होती, पोहोचली हिच्या कानाला.

आणखी एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, ती ऐकून ती घाबरली. ती स्वतःच्या साध्या दहा आकडी नंबरवरून फोन करत होती. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, 2018 मध्ये जे नियम केले त्यांप्रमाणे माल खपवण्यासाठीचे फोन नोंदणी करूनच आणि 140 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायचे असतात. ज्यांनी 1909 वर कळवून असे फोन नकोत म्हणून नोंद केली आहे, त्यांना तेही करायचे नाहीत. त्या नोंदीत बँक, विमा आणि क्रेडिट कार्ड यांचा एक वेगळा गटच आहे. म्हणजे बाकी काही चालेल पण विम्याचा फोन नको, असेही माणूस सांगू शकतो. ऑगस्ट 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना आदेश दिला की, नोंदणी नसताना असे फोन करणाऱ्यांची जोडणी तोडा आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाका. भाचीच्या त्याच सिमवर घराचे बँकेचे ओटीपी येतात, भावाच्या कॉलेजचे निरोप येतात. त्या चिडलेल्या गृहस्थाने शिवी देण्याऐवजी शांतपणे तक्रार नोंदवली असती तर जास्त महागात पडले असते.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिच्या विमा कंपनीच्या शाखेत गेलो. तिथल्या साहेबांनी आधी थोडे कपाळाला आठ्या घातल्या. मग दुपारी दोन तास 140 च्या लाइनवर बसायला जागा दिली. यादी त्यांच्या यंत्रणेतून गाळून घेतली. सहाशेतले दोनशे चाळीस नंबर पहिल्याच फटक्यात बाद झाले. भाची म्हणाली, ‘‘मामू, अठराशे रुपये गेले.’’ हिशेब बरोबर होता. मी गप्प बसलो.

शाखेत फोन करणाऱ्या सहा-सात मुली आणि दोन मुलगे. टीम लीडरने तिला एक छापील कागद दिला. ग्राहक ‘नको’ म्हणाला तर काय म्हणायचे, ‘नंतर करा’ म्हणाला तर काय, ‘माझा विमा आहे’ म्हणाला तर काय, अशा नऊ आडव्या प्रश्नांची नऊ उत्तरे. मी तो कागद वाचला. काही उत्तरे चांगली होती. पण चिडलेल्या माणसासाठी जी होती ती सगळी एकाच जातीची होती, त्याला बोलण्यात अडकवून ठेवा. ‘नंबर कुठून मिळाला’ या प्रश्नावर लिहिले होते, ‘आपणच चौकशी केली होती असे सांगावे’.

हेच खोटे त्या दिवशी माझ्या ऑफिसात तिच्या अंगावर आले होते. मी तिला म्हटले, हे एक वाक्य खोडून टाक. जे आहे ते सांग.

आता ती असे सांगते: ‘‘सर, आम्ही एक यादी विकत घेतली, तिच्यात आपला नंबर होता. आपली परवानगी असेल असं आम्हाला सांगण्यात आलं. नसेल तर माफ करा, मी आत्ताच आपलं नाव काढते. यापुढे अशा कॉलची कटकट नको असेल तर 1909 वर नोंद करता येते.’’ एवढेच. एकदाच माफी, तीही गयावया न करता. मग गप्प राहायचे. गप्प राहणे तिला सगळ्यात अवघड गेले. शाखेतल्या दुसऱ्या मुली हसल्या, की ही तर ग्राहकालाच पळून जायची वाट दाखवते. खरेच, बरेच जण ‘काढा नाव’ म्हणून फोन ठेवतात. पण वीस सेकंदांत ठेवतात. पूर्वी तेच भांडण चार मिनिटे चालायचे, आणि त्यानंतरची दहा मिनिटे तिचा आवाज थरथरत असायचा. त्या थरथरत्या आवाजात पुढच्या माणसाला काय विमा विकणार?

काही जण मात्र थांबतात. विकत घेतली, असे कोणी कबूल करेल ही त्यांना अपेक्षाच नसते. एका बाईंनी विचारले, ‘‘केवढ्याला विकत घेतलं मला?’’ भाचीने मनातल्या मनात भागाकार केला आणि सांगितले, ‘‘साडेसात रुपयांना, मॅडम.’’ त्या इतक्या हसल्या की शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने मान वळवून पाहिले. विमा घेतला नाही त्यांनी.

सगळा राग नंबरचा नसतो. भाची एक वही ठेवते. तिने रोज तरावीहनंतर ती माझ्याकडे आणायची आणि मी चष्मा लावून वाचायची, असा आमचा नेम झाला. तिच्यात ‘नको म्हणाले’ असे न लिहिता माणूस नेमके काय बोलला ते लिहायला मी सांगितले होते. पंधरा दिवसांत वही वाचून मला जे दिसले ते असे, की ओरडणाऱ्यांतले बरेच जण आधी कुठेतरी पोळलेले असतात. कोणाचा दवाखान्याचा दावा नाकारला गेला, कारण मधुमेह आधीपासून होता आणि फॉर्म भरणाऱ्या एजंटाने ‘ते लिहू नका’ म्हटले होते. कोणाला ‘बोनस मंजूर झाला आहे, आधी एवढे भरा’ म्हणून फोन आला आणि पैसे गेले. असे फोन करणारे ठग स्वतःला विमा नियामक प्राधिकरणाचे अधिकारी म्हणवतात. प्राधिकरणाने कितीदा जाहीर केले आहे की आम्ही विमा विकत नाही आणि बोनसही वाटत नाही. तेव्हा अनोळखी फोनवर जो माणूस संशयाने खेकसतो तो बरोबरच वागतो, असे मी भाचीला सांगतो. त्याला समजावायचे नाही. आपले नाव, कंपनीचे नाव आणि परवाना क्रमांक सांगायचा. ‘कंपनीच्या नंबरवर फोन करून खात्री करून घ्या’ म्हणायचे आणि फोन ठेवायचा.

‘‘तुला यात किती मिळतात?’’ हाही प्रश्न चिडूनच येतो. कागदावर याचे उत्तर होते, विषय बदलावा. पण एजंटाच्या आचारसंहितेतच आहे की ग्राहकाने विचारले तर कमिशन सांगायचे. पहिल्या वर्षी जास्त असते, पुढे कमी होते, हे सरळ सांगितले की लोक पुढचा प्रश्न विचारतात. तो बहुधा पॉलिसीचा असतो. हल्ली बरेच जण विचारतात की 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला, मग हप्ता किती उतरला? याचे उत्तर पाठ असावे. तिथे अडखळलात तर ‘तुम्हालाच माहीत नाही’ म्हणून तो पुन्हा चिडणार, आणि त्याचे काय चुकले?

आता जरा नाजूक गोष्ट. बाराव्या रोज्याच्या रात्री भाचीने वही दिली, पण तोंडाने एक विचारले. एका गृहस्थाने तिचे नाव ऐकले, थोडा थांबला आणि म्हणाला, ‘‘तुमच्या लोकांकडून नको.’’ शिवी नाही, आवाज चढवला नाही. टीम लीडरने नंतर तिला सांगितले, तू फोनवर नेहा म्हणून सांग, सगळेच काहीतरी नाव घेतात. टीम लीडर मुलगी वाईट नाही, तिने हे काळजीनेच सांगितले होते. ‘‘मामू, सांगू का?’’

मी लगेच उत्तर दिले नाही, कारण मी हे स्वतः केलेले आहे. एजंट झालो तेव्हा एका वडीलधाऱ्याने सल्ला दिला की कार्डावर पूर्ण नाव नको, दोन आद्याक्षरे टाक. मी दोन वर्षे तशी कार्डे वाटली. पंढरपूर रस्त्यावरच्या एका किराणा दुकानदाराची पॉलिसी मी केली होती. कागद सहीसाठी नेले तेव्हा त्यांनी माझे पूर्ण नाव वाचले. ते म्हणाले, ‘‘नावाचं काही नाही हो. पण लपवलं कशाला? आता पॉलिसीत काय काय लपवलंय, ते मला वाचावं लागेल.’’ आणि चष्मा काढून ते खरोखर सगळी पाने वाचत बसले. मी समोर स्टुलावर दीड तास. पॉलिसी राहिली, पण तो दीड तास मी विसरलो नाही.

एजंटाने आपली ओळख द्यायची, मागितले तर ओळखपत्र दाखवायचे, हा नियम आहेच. पण भाचीला मी नियम नाही सांगितला, ही दुकानाची गोष्ट सांगितली. ती अजूनही आपलेच नाव सांगते. त्यामुळे काही फोन नावावरच तुटतात. वहीत ती त्यांच्यापुढे छोटे फुली करते. किती फुल्या झाल्या ते मी मोजत नाही.

उलट बाजूही आहे. यादीत आपलीही नावे निघतात, आणि त्यांतले काही जण ‘‘रमजानमध्ये हरामची दावत देते का?’’ म्हणून तिला झापतात. विमा जायज की नाजायज यावर उलेमांत मतभेद आहेत आणि मी काही आलिम नाही. गाडीचा तृतीय पक्ष विमा 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचाच आहे, हे सांगून समोरच्याला निरुत्तर करता येते. तरुणपणी मीही करत असे. त्याने एकही माणूस राजी झाला नाही. आता भाची म्हणते, ‘‘आपण आपल्या मौलानांना विचारा, मला दुआमध्ये याद ठेवा,’’ आणि सलाम करून फोन ठेवते.

घाणेरडे बोलणाऱ्यांशी मात्र हे काही करायचे नाही. मुलीचा आवाज ऐकून काही जण जे बोलतात ते मी इथे लिहू शकत नाही. सुरुवातीला ती ऐकून घेत असे. तिला वाटे, रोज्यात सब्र करायचा असतो. मी सांगितले की तू नोकर नाहीस आणि हा सब्र नाही. पहिल्या घाण शब्दाला फोन ठेवायचा, नंबर आणि वेळ लिहायची, शाखेच्या साहेबांना द्यायची. तिथला कॉल रेकॉर्ड होतो. पुन्हा फोन आला तर पोलिसांत जाता येते. शाखेतल्या बाकीच्या मुली काय करतात, असे विचारले तर कळले की त्या ऐकून घेतात, कारण कॉल आपण तोडला तर महिन्याच्या गुणांत कमी होतात. याबद्दल मी साहेबांशी बोललो. बघू म्हणाले. बघितले की नाही ते मला अजून कळलेले नाही.

रोज्याचे म्हणाल तर त्याचाही संबंध आहे, पण वेगळा. रोजेदाराशी कोणी भांडायला आले तर त्याने ‘मी रोज्यात आहे’ एवढे म्हणावे, अशी शिकवण आहे. भाचीने एकदा फोनवर ते मोठ्याने म्हटले. समोरच्याला वाटले, ही सबब सांगते, आणि तो आणखी पेटला. हे वाक्य मोठ्याने म्हणावे की मनात, यावर जुन्या आलिमांत दोन मते आहेत. फोनच्या धंद्यापुरते मी मनातल्याच्या बाजूने आहे. खरी अडचण आपल्या जिभेची असते. असरनंतर घसा कोरडा पडतो, आवाज आपोआप तुटक होतो आणि समोरच्याला तो उद्धट वाटतो. नोकरदार माणूस फोनवर निवांत भेटतो ते सहा-साडेसहाला, नेमकी इफ्तारची वेळ. म्हणून रमजानपुरते तिने सकाळी अकरा ते एक ही वेळ मागून घेतली. फोन कमी लागतात, पण भांडणेही कमी होतात.

वहीतल्या एका माणसाबद्दल सांगायचे राहिले. निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेचे. फोन उचलताच त्यांनी ‘‘तुम्ही सगळे चोर आहात’’ पासून सुरुवात केली. भाचीने यादीचे खरे सांगितले, माफी मागितली, आणि ते फोन ठेवतील म्हणून थांबली. त्यांनी ठेवला नाही. अकरा मिनिटे ते बोलत होते. निवृत्तीचे तीन लाख घेऊन ते एका बँकेत मुदत ठेव करायला गेले होते. ओळखीच्या साहेबांनी ‘ठेवीपेक्षा चांगले आहे’ म्हणून सह्या घेतल्या. वर्षाने पत्र आले, दुसरा हप्ता तीन लाख भरा. ती ठेव नव्हती, दहा वर्षे हप्ता भरायची विमा पॉलिसी होती. पॉलिसी हातात पडल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. ती मुदत कधीच गेली होती.

भाचीने मध्ये एकदाही तिची पॉलिसी आणली नाही. त्या दिवशी तिचे रोजचे कॉल पूर्ण झाले नाहीत, टीम लीडरने हटकले. तिने त्यांना माझा पत्ता दिला. तीन दिवसांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत सगळे कागद घेऊन ऑफिसात आले. मी रोज्यात आहे हे कळल्यावर चहाला नको म्हणाले. मीच आग्रह करून मागवला. आम्ही आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला पत्र लिहिले. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायला हवे. विमा प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही नोंद केली, 155255 हा मदतीचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये घालून दिला. पैसे परत मिळतीलच असे मी त्यांना म्हटलेले नाही. सह्या त्यांच्याच आहेत, आणि कंपनी तेच दाखवणार.

काल ते पुन्हा येऊन गेले. कंपनीचे पोचपत्र आले होते, ते दाखवायला. जाताना भाचीसाठी खजुराचा डबा ठेवून गेले. सहाशेच्या त्या यादीतून आजवर तिच्या दोन पॉलिसी झाल्या, त्यातली एक तीस दिवसांच्या आत परत आली. शिक्षकांच्या नावापुढे वहीत तिने लिहिले आहे, ‘विमा घेणार नाहीत. दर सोमवारी फोन करून पत्राचे काय झाले ते विचारायचे.’